इंजिनाचा दम पाण्यात बघावा

सकाळी 6. धडगावहून भुषाकडे जाणारी जीप भरली की सुटते, म्हणून उजाडायच्या आतच स्टँडवर येऊन बसतो. टपावर पान्यांची पेटी, वेगवेगळ्या पिचचे दोन पंखे, गॅस्केटची पुडकी. काल बोटवाल्या दादांचा फोन आला होता, ‘‘मिस्तरी, इंजिनात दम नाही. नऊ एचपीचं पंधरा करून द्या.’’ इंजिन वर गॅरेजलाच आणतो म्हणत होते. मी नको म्हटलं. पिंपात बुडवून चालवलेलं इंजिन नुसतं गुरगुरतं, सांगत काहीच नाही. खरा भार कळतो तो बोट भरल्यावर.

8 वाजता काठावर. सरदार सरोवर 2019 च्या सप्टेंबरात पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं. त्या पातळीची रेघ डोंगराच्या अंगावर अजून दिसते. मे महिन्यात पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं. मधल्या उतारावर भेगाळलेला गाळ आणि बुडितातल्या झाडांचे काळे बुंधे. नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं सरदार सरोवर धरणाच्या बुडिताखाली आली. काठच्या कित्येक पाड्यांना आजही बोट हाच रस्ता आहे. आमचुराची पोती, रेशन, शाळेची मुलं, बाळंतपणाला अडलेली बाई, सगळं पाण्यावरूनच जातं. म्हणून इथे इंजिन बंद पडणं मला साधं काम वाटत नाही.

साडेआठ. आधी काहीही खोलायचं नाही, बोट आहे तशी चालवून बघायची. वीस फुटी पत्र्याची बोट, त्यात आठ माणसं आणि आमचुराची पोती. प्लगच्या वायरीला छोट्या आरपीएम मीटरची तार गुंडाळली आणि दादांना सांगितलं, पूर्ण मूठ उघडा. मीटर 3900 वर थांबलं. या जातीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पूर्ण मुठीत 4500 ते 5500 फेरे मिळाले पाहिजेत. मोबाइलवर वेग ताशी 8 किलोमीटर. इंजिन दमलेलं आहे हे दादांचं म्हणणं खरं होतं. कशाने दमलंय हे अजून ठरायचं होतं.

सव्वानऊ. बोट काठाला ओढून तिरपी केली. बुडाला शेवाळ आणि डांबराचे पोपडे. मुलांना काथ्या आणि वाळू दिली, घासायला लावलं. दरम्यान मी इंजिनाची उंची मोजली. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. इथे ती तीन इंच खोल होती. इंजिनाचा पाय उगाच पाण्याला अडवत होता. मागच्या फळीवर सागाची चीप ठोकून इंजिन दोन इंच उचललं. फार वर घेतलं तर पंखा हवा ओढतो आणि नुसता फिरतो.

10 ते दुपारी 1. दिवसातलं मोठं काम हेच. इंजिन पाड्यावरच्या घरात नेलं, कारण काठावर वारा सुटला की उघड्या सिलिंडरात वाळू जाते. हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर काळा थर आणि एक्झॉस्टची खिडकी कार्बनने पाव भाग बुजलेली. जळलेला वायू बाहेर पडायला जागा नाही, तर नवा आत येणार कुठून?

कारण विचारलं. पेट्रोलमध्ये तेल किती घालता? ‘‘जरा जास्तच, इंजिनाला बरं.’’ ही समजूत मला नदीकाठी सगळीकडे भेटते आणि तिने पुष्कळ इंजिनं मेली आहेत. 50 लिटरला 1 लिटर, म्हणजे लिटरमागे 20 मिली, एवढंच तेल पुरतं. तेल वाढलं की कार्बन वाढतो. शिवाय जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण आणखी पातळ होतं, पातळ मिश्रण गरम जळतं आणि पिस्टन सीझ होतो. इथेनॉल पाणीही ओढतं. कॅनचं झाकण सैल राहिलं तर तळाशी पाणी साचतं. जुनी रबरी नळी फुगली होती, ती बदलली. मेन जेट एक नंबर मोठा घातला. कार्बन लाकडी पट्टीने खरवडला, कारण स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनिअमवर ओरखडे पडतात. नवं गॅस्केट लावलं, बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत कसले. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर गाळाने झिजलेला निघाला, तोही नवा.

1 वाजता भाकरी, मिरचीचा ठेचा. जेवताना दादांनी पुन्हा विषय काढला : उकईकडच्या कोणीतरी सांगितलंय, लेथवर हेड फेस करून घेतलं की इंजिन पळतं. मी त्यांना पूर्ण सांगितलं, कारण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर ते दुसऱ्याकडे जातील. हेड घासलं की दाब वाढतो, ताकदही थोडी वाढते. पण 42-43 अंशांच्या उन्हात, कॅनमध्ये पडून राहिलेल्या पेट्रोलवर ते इंजिन ठोके मारू लागतं आणि एखाद्या दिवशी पिस्टनला भोक पडतं. त्या दिवशी बोट आजारी माणूस घेऊन निघालेली असू शकते.

नऊचं पंधरा मात्र होतं. बऱ्याच कंपन्यांच्या 9.9 आणि 15 एचपी इंजिनांचा सिलिंडर एकच असतो. फरक कार्ब्युरेटरचं तोंड, रीड वाल्व्ह आणि एक्झॉस्ट यांत. खरे भाग मिळाले तर मी स्वतः बसवून देईन. पण मिळणार काय? वीस फुटी बोट भरलेली असताना स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यातल्या लांबीवर तिचा वेग ठरतो, हे विल्यम फ्राउड यांच्या 1870च्या दशकातल्या प्रयोगांपासून माहीत आहे. वीस फुटांना तो ताशी 11 किलोमीटरच्या आसपास येतो. त्यापुढे पंधरा एचपी घाला, मागची लाट मोठी होईल आणि पेट्रोल जाईल. रिकामी हलकी बोट पाण्यावर चढून पळेल, पण रिकामी बोट घेऊन जायचं कुठे? पळणारी बोट बघून लोक आणखी चार जण चढतात, ही भीती मला जास्त. 2019च्या संक्रांतीला याच भुषाजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. दादांनी यावर काहीच म्हटलं नाही. भाकरीचा तुकडा तसाच हातात होता.

3 वाजता परत पाण्यात. तेवढीच माणसं, तेवढीच पोती. 4200. हे बूड, उंची आणि कार्बनचं फळ. मग पंखा बदलला : पावणेदहा इंच पिचचा काढून साडेसात पिचचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर. भरलेली जीप टॉप गिअरमध्ये घाट चढवावी, तसं चाललं होतं आतापर्यंत. पिच इंचभर उतरवलं की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. मीटर 4600, वेग 10 च्या थोडा खाली, तोही भर उन्हात. थंडीत हवा दाट असते, तेव्हा हेच इंजिन आणखी चढेल. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून बोटभर जाड पडत होती, तिच्यावर लक्ष ठेवा म्हणून दादांच्या मुलाला दाखवली. बुंध्याला पंखा आपटला की पिन तुटावी, गिअर नाही. म्हणून जादा पिना डब्यात, पक्कड त्यांच्याशेजारी. पिनेच्या जागी खिळा घालायचा नाही.

वल्ही बोटीत नव्हती, ती घरून आणायला लावली. 2020 मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे वल्ही मारत अलिगट आणि दादरपर्यंत आहार घेऊन जात होत्या, 18 किलोमीटर. इंजिन कितीही चांगलं असो, वल्ह्यांशिवाय बोट सोडू नये.

साडेपाच. मजुरी, गॅस्केट, इम्पेलर, नळी, जेट यांचा हिशेब. जुना पंखा मी घेतला, त्याचे पैसे वजा केले. शेवटची जीप चुकली तर मुक्काम करावा लागतो, म्हणून घाईत प्लगबद्दल सांगितलं : नव्या मिश्रणाची पहिली टाकी संपली की प्लग काढायचा, फोटो पाठवायचा. टोक चहाच्या रंगाचं हवं. पांढुरकं दिसलं तर बोट बांधून ठेवायची, मी येतो.

रात्री 8, धडगाव. उद्या नंदुरबारला जाणाऱ्याकडे द्यायची यादी : इम्पेलर, पितळी पिना, पेट्रोलची नळी, मोठ्या नंबरचे जेट. पावसाच्या आधी हे सगळं पुरेसं जुळवायचं आहे. जुलैत घाटात दरड आली की सामान वर येत नाही.