कोणती प्रत खरी? बर्लिओझची वाद्यवृंदगीतं आणि त्यांच्या आवृत्त्या

स्वरलिपीची पुस्तकं कशी संपादित होतात, हा आजचा विषय थोडा कोरडा वाटेल. पण पाश्चात्त्य मैफिलीत जे कानावर पडतं ते आधी कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. ते कसं ठरतं हे पाहायला आपण एकच उदाहरण घेऊ: एक्तोर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराची ‘ले न्वी देते’, म्हणजे ‘उन्हाळ्यातल्या रात्री’, ही सहा गीतं.

शब्द तेओफिल गोतिए या कवीचे. १८४१ मध्ये गीतं छापली गेली ती आवाज आणि पियानो यांच्यासाठी. आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा मधला आवाज, नाहीतर टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज. १८४३ मध्ये बर्लिओझ जर्मनीच्या दौऱ्यावर होते. तिथे लाइपझिगच्या मैफिलीत मारी रेसिओ हिने गावं म्हणून त्यांनी ‘आब्सांस’ या एकाच गीताला वाद्यवृंदाचा साज चढवला. उरलेल्या पाचांना तो मिळायला १८५६ साल उजाडलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या रीटर-बीडरमान यांनी सहाही गीतं वाद्यवृंदासह छापली.

इथवर सगळं सरळ आहे. पण बर्लिओझ नुसती वाद्यं वाटून थांबले नाहीत. दुसरं गीत त्यांनी खाली उतरवलं. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनवरून खालच्या पांढरी सातवर. तिसरं पांढरी पाचवरून पांढरी चारवर. दुसऱ्या गीताच्या आधी वाद्यवृंदाचे आठ बार नव्याने घातले. आवाजही बदलले: दुसरं गीत काँट्राल्टोचं, म्हणजे स्त्रीच्या खालच्या आवाजाचं, पाचवं टेनरचं, आणि तिसऱ्यासाठी पहिली पसंती बॅरिटोनला. शिवाय सहा गीतं सहा वेगवेगळ्या गायक-गायिकांना अर्पण केली.

मग संपादकाने काय छापायचं?

चिकित्सक आवृत्ती म्हटलं की आपल्याला भांडारकर संस्थेचं महाभारत आठवतं. तिथे शेकडो हस्तलिखितं पारखून जुन्यात जुना पाठ शोधायचा होता. इथला पेच वेगळा आहे. दोन्ही पाठ एकाच माणसाचे, दोन्ही त्याच्या हयातीत छापलेले. नंतरचा तो पक्का, असं म्हणावं तर १८४१ च्या गीतांना कच्चा खर्डा ठरवावं लागतं, आणि तशी ती मुळीच नाहीत.

बर्लिओझ १८६९ मध्ये गेले. १९०० पासून लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेलने त्यांचं समग्र संगीत छापायला घेतलं. संपादक शार्ल मालर्ब आणि फेलिक्स वाइनगार्टनर. काम मोठं होतं, पण त्यांनी ठिकठिकाणी बर्लिओझचा पाठ आपल्या काळाला सोयीचा करून घेतला. संपादकाचा हात कुठे लागला हे वाचणाऱ्याला कळेना, ही खरी अडचण. १९६७ पासून बेरेनराइटरने काढलेल्या नव्या बर्लिओझ आवृत्तीने वेगळी वाट धरली. वाद्यवृंदाची गीतं १३ व्या खंडात, इयन केंप यांच्या संपादनाखाली, १९७५ मध्ये आली. पियानोची गीतं १५ व्या खंडात. दोन पाठांची खिचडी केली नाही. अशा आवृत्तीत संपादकाने घातलेली खूण वेगळी दिसते, आणि ती का घातली याचा खुलासा टिपणांत मिळतो.

आता गाणाऱ्यांकडे वळू. आज बहुतेक मैफिलींत सहाही गीतं एकच गायिका गाते. मग पट्टी बदलावी लागते, आणि दुसरं गीत बऱ्याचदा परत पांढरी दोनमध्ये गायलं जातं. आपल्याला यात वावगं वाटणार नाही. आपल्याकडे गायिका आपला सा ठरवते आणि तानपुरा त्याला लावून घेतात. पण वाद्यवृंदात पट्टी हलली की रंग हलतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांचे स्वर ठरलेले असतात. त्या काळच्या हॉर्नमध्ये काही स्वर मोकळे निघत, तर काही तोंडात हात घालून काढावे लागत. बर्लिओझ यांनी वाद्यं वाटली ती पांढरी सात धरून. पियानोच्या पट्टीत वाद्यवृंद वाजवला, तर त्यांनी कधीच न लिहिलेला तिसराच पाठ तयार होतो.

म्हणून तसं गाऊच नये का? आम्हाला तसं म्हणायचं नाही. कॉलिन डेव्हिस यांनी ही गीतं वेगवेगळ्या आवाजांत वाटून ध्वनिमुद्रित केली आहेत, ती ऐका. त्यात एकाच कंठाचा धागा सुटतो, पण दर गीताचा चेहरा वेगळा दिसतो. एक गायिका गाते तेव्हा धागा मिळतो, चेहरे थोडे पुसतात. दोन्हींत काहीतरी हातचं जातं. काय जातंय हे माहीत असताना निवड करणं आणि नकळत ती होऊन जाणं, यात फार अंतर आहे. चांगली आवृत्ती ही निवड गाणाऱ्याच्या हाती ठेवते, आणि ती डोळसपणे करता यावी एवढी माहिती पुरवते. संपादकाचं काम तिथे संपतं.