‘भोर’चं ‘मोर’ झालं, तर?

एसटी स्टँडवरची ‘भोर’ ही पाटी मूल ‘मोर’ वाचतं, ‘घर’चं ‘धर’ करतं. शिकायला लागताना सगळीच मुलं अशी चुकतात. पण वय वाढूनही अडखळणं सुटत नसेल, तर तपासणी करून घ्या. मूल मठ्ठ नाही, आळशी तर नाहीच. कदाचित ही वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असेल; तीत अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड चटकन बसत नाही. त्यात देवनागरीचा पेच वेगळाच: ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर.

घरी शिकवताना गोडी आधी, वेग नंतर. गोष्ट तुम्ही वाचा, मुलाला ओळीवरून बोट फिरवू द्या. तोरणा किंवा राजगड चढून आल्यावर त्याची हकिकत त्याच्याच शब्दांत, ठळक अक्षरांत लिहून काढा. हेच त्याचं पहिलं पुस्तक. स्वतःचंच बोलणं असल्यानं पुढचा शब्द त्याला अंदाजानं सापडतो, धीर येतो. ‘राजगड’ लवकर जमेल; तोरण्याच्या पायथ्याच्या ‘वेल्हे’तल्या ‘ल्ह’ला वेळ द्या. अवघड अक्षर ताटातल्या तांदळाच्या पिठात, मोठ्यानं उच्चारत गिरवू द्या. पाहुण्यांसमोर वाचायला मात्र कधीही लावू नका.

‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये डिस्लेक्सियाचा समावेश आहे. घरी शिकणाऱ्यांना दहावी-बारावीसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेचा पर्याय आहे.