पेन्शन विकायची का? ४० टक्क्यांचा हिशेब आधी समजून घ्या

रिटायरमेंट सहा महिन्यांवर आली की ऑफिसात एक प्रश्न सुरू होतो. "पेन्शन विकणार ना?"

विचारणारा चेष्टा करत नसतो. सरकारी भाषेत याला 'निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण' म्हणतात. हा शब्द जिभेवर बसत नाही, म्हणून सगळीकडे 'पेन्शन विकणं' असंच चालतं. अर्थ सोपा आहे. दर महिन्याला आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनमधला काही भाग सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. मर्यादा जास्तीत जास्त ४० टक्के.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई वाढ. हीच पेन्शन सगळ्यांना मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. आणि ज्यांच्याकडे ती आहे, त्यांच्यातले कितीतरी जण रिटायर होताना त्यातला मोठ्यात मोठा तुकडा विकून मोकळे होतात. बऱ्याचदा कारण एकच असतं, सगळेच विकतात. पेन्शनच्या कागदांसोबतच त्याचा अर्ज असतो, बाबू बोट ठेवतो, आपण सही करतो.

सही करायला हरकत नाही. पण त्या सहीने काय होतं ते आधी बघू.

एक उदाहरण

समजा, भिवापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेतल्या शिक्षिका ५८ व्या वर्षी रिटायर होत आहेत. शेवटचा मूळ पगार ६० हजार, म्हणजे मूळ पेन्शन ३० हजार. त्यांनी पूर्ण ४० टक्के विकायचं ठरवलं, तर महिन्याचे १२ हजार सोडावे लागतील.

बदल्यात किती मिळणार, हे एका तक्त्यावरून ठरतं. पुढच्या वाढदिवसाला तुमचं वय किती असेल त्यानुसार एक गुणक असतो. ५९ साठी तो ८.३७१ आहे. १२ हजार गुणिले १२ महिने गुणिले ८.३७१, उत्तर येतं १२ लाख ५ हजार ४२४ रुपये. वय वाढेल तसा गुणक कमी होतो.

आता दर महिन्याला १२ हजार कापले जातील. किती वर्षं? १५. त्यानंतर पेन्शन पुन्हा पूर्ण होते.

ही १५ वर्षांची मर्यादा आपोआप आलेली नाही. पूर्वी एकदा विकलेली पेन्शन मरेपर्यंत परत मिळत नसे. 'कॉमन कॉज' या संस्थेचे एच. डी. शौरी हा प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये कोर्टाने १५ वर्षांनी पेन्शन पूर्ववत करण्याचा निर्णय दिला. पुढे राज्यांनीही तो नियम स्वीकारला.

व्हॉट्सॲपवरचे दोन हिशेब, दोन्ही अर्धवट

पहिला मेसेज म्हणतो, "१०० महिन्यांत सरकार आपले पैसे वसूल करतं, पुढची साडेसहा वर्षं फुकट कापतं!" दुसरा म्हणतो, "१२ लाख देतात आणि २१ लाख ६० हजार घेतात, साडेनऊ लाखांची लूट!"

आकडे दोन्हीकडे बरोबर आहेत. पण दोघेही व्याज विसरतात. आज हातात पडलेले १२ लाख आणि १५ वर्षांत थोडे थोडे दिलेले १२ लाख एकच नसतात. हे बँकेच्या कर्जासारखं बघा. १२ लाख ५ हजारांचं कर्ज, १५ वर्षांची मुदत, १२ हजारांचा हप्ता. अशा कर्जाचा व्याजदर काढला तर तो वर्षाला साधारण ९ टक्के पडतो.

म्हणजे लूट नाही, आणि लॉटरीही नाही. ९ टक्क्यांचं कर्ज आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. ९ टक्क्यांनी घेऊन ८.२ टक्क्यांनी ठेवायचं, यात कमाई कुठून येणार? 'विका आणि एफडी करा' हा सल्ला इथेच लंगडा पडतो.

पेन्शनर संघटनांची मागणी आहे की कपात १५ ऐवजी १२ वर्षांनी थांबवावी. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगानेही १२ वर्षंच सुचवली होती. तसं झालं तर याच कर्जाचा दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास येईल, आणि मग विकणं स्वस्त पडेल. सध्याच्या नियमात तसं नाही.

पण हे कर्ज साधं नाही

तीन गोष्टी याला बँकेच्या कर्जापासून वेगळं करतात, आणि बहुतेक चर्चेत त्या येतच नाहीत.

सगळ्यात मोठी ही. पेन्शनर १५ वर्षांच्या आत गेला, तर उरलेले हप्ते कुणाकडूनही वसूल होत नाहीत. आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून एक रुपयाही कापला जात नाही, कारण ते विकल्यानंतर उरलेल्या पेन्शनवर ठरत नाही, शेवटच्या पगारावर ठरतं. सर्वसाधारण दर ३० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात १८ हजार आणि वर महागाई वाढ. बाईंनी पेन्शन विकलेली असो वा नसो, त्यांच्या पतीला तेवढेच मिळतील. म्हणून तब्येत हा या निर्णयातला खरा मुद्दा आहे. कुणाला हृदयाचा, किडनीचा गंभीर आजार असेल, तर त्याच्या घरासाठी विकणं फायद्याचं ठरू शकतं. घरात सगळे नव्वदी गाठणारे असतील, तर ९ टक्के पूर्ण भरायची तयारी ठेवा. बोलायला कठीण आहे, पण नवरा-बायकोने एकदा बसून बोलावं असंच हे आहे.

दुसरी गोष्ट महागाई वाढीची. ती विकल्यानंतरही मूळ ३० हजारांवरच मिळते, १८ हजारांवर नाही. समजा महागाई वाढ ५० टक्के आहे. न विकता हातात ४५ हजार येतील, विकून ३३ हजार. म्हणजे पेन्शन ४० टक्के विकली तरी हातातली रक्कम कमी होते साधारण २७ टक्क्यांनी. पुढे महागाई वाढ कितीही झाली तरी कपात १२ हजारच राहते.

तिसरी, कर. सरकारी कर्मचाऱ्याला मिळालेली ही एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त असते, दरमहाची पेन्शन मात्र उत्पन्नात धरली जाते. ज्यांची पेन्शन मोठी आहे त्यांना याचा फायदा. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसताना ३० हजार मूळ पेन्शनवाल्याने केवळ कर वाचवायला विकण्यात अर्थ नाही.

टाटा स्टीलच्या ब्रिटनमधल्या कामगारांचं काय झालं?

पेन्शनच्या बदल्यात रोकड, हा सौदा जगभर होतो. आपल्या ओळखीच्या नावाशी जोडलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. टाटा स्टीलच्या तिथल्या कामगारांची 'ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीम' होती. २०१७ मध्ये तिची फेररचना झाली आणि कामगारांना पर्याय निवडायला सांगितलं गेलं. सुमारे ८ हजार जण खात्रीची पेन्शन सोडून एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडले. ते पैसे खासगी पेन्शन योजनांत गेले. नंतर तिथल्या आर्थिक नियामकाने तपासणी केली तेव्हा जवळपास निम्म्या प्रकरणांत दिलेला सल्ला चुकीचा निघाला, आणि २०२३ मध्ये भरपाईची योजना आणावी लागली.

आपल्याकडचा नियम त्या मानाने दयाळू आहे. आपण ४० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही आणि गेलेलं १५ वर्षांनी परत येतं. पण सल्लागार इथेही तसेच आहेत. रिटायरमेंटच्या महिन्यात ओळखीचा विमा एजंट घरी येतो, बँकेतला मॅनेजर अचानक चहा पाजतो. 'गॅरंटीड रिटर्न' म्हणून जे विकलं जातं, त्यात ९ टक्क्यांच्या वर हमी आहे का एवढा एकच प्रश्न विचारून बघा.

मग कुणी विकावी?

ज्यांच्या डोक्यावर महागडं कर्ज आहे त्यांनी नक्की विचार करावा. १३-१४ टक्क्यांचं पर्सनल लोन किंवा त्याहून वाईट म्हणजे सावकाराचं देणं असेल, तर ९ टक्क्यांचे पैसे घेऊन ते फेडणं शहाणपणाचं आहे. गंभीर आजार असेल तर, हे वर आलंच. घराचं अडलेलं काम असेल आणि दुसरीकडून पैसा नसेल, तरीही समजू शकतं.

पण 'दुसरीकडून पैसा नसेल' हे नीट तपासा. रिटायर होताना ग्रॅच्युइटी येते, तिची कमाल मर्यादा राज्याने १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख केली आहे. भविष्य निर्वाह निधी येतो, शिल्लक रजेचे पैसे येतात. खात्यात इतकं येत असताना आणखी १२ लाख नक्की कशासाठी? उत्तर 'मुलाच्या धंद्यासाठी' असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, ग्रॅच्युइटीतून द्या, पेन्शनला हात लावू नका. धंदा बसला तरी महिन्याचे १२ हजार येत राहतात.

आणि सगळं किंवा काहीच नाही, असंही नाही. ४० ही कमाल मर्यादा आहे. १० टक्के विका, २० विका. आपल्या उदाहरणात २० टक्के विकले तर ६ लाखांच्या वर मिळतील आणि कपात फक्त ६ हजार होईल.

घाईही नको. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यानंतर अर्ज करता येतो, पण तपासणीला सामोरं जावं लागतं. म्हणजे आधी बाकीचे पैसे हातात येऊ द्या, कर्ज किती उरतं बघा, मग ठरवा. मात्र वाढदिवस मध्ये आला तर गुणक थोडा उतरेल, तेवढं लक्षात ठेवा.

विदर्भातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून मंजूर होतात, झेडपीची झेडपीतच. विकली असेल तर मंजुरीचा आदेश, रक्कम खात्यात जमा झाल्याची तारीख आणि कपात सुरू झाल्याचा महिना, तिन्ही एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल कुठे आहे हे घरात दोघांना तरी सांगा. १५ वर्षांनी तुम्ही ७३ वर्षांचे असाल, आणि कपात वेळेवर थांबली की नाही हे पासबुकात तपासायचं काम तेव्हा कदाचित तुमच्या मुलीला करावं लागेल.