सव्विसावी खाट

मार्च २०२०. अमेरिकेतल्या एका आडगावच्या लहानशा इस्पितळात परिचारिका असलेल्या माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "ताई, आमच्याकडे सव्विसावी खाट टाकायची तरी वॉशिंग्टनची सूट लागते गं!" मला तो बाबूगिरीचा कळस वाटला. पुढे कायदा वाचत गेले, तसं माझं मत बदललं.

तिकडे दूरच्या ग्रामीण इस्पितळांना 'क्रिटिकल ॲक्सेस' असा खास दर्जा मिळतो. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना, त्यांना प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने पैसे देते. बदल्यात खाटा पंचवीसच, आणि रुग्णांचा मुक्काम वर्षाच्या सरासरीने ९६ तासांच्या आत. पंचविसाचा आकडा कुणाची लहर नव्हे. त्यावर इस्पितळाची चूल पेटते. सूट नसताना खाट वाढवली, तर तो दर्जाच धोक्यात.

ही सूट देण्याचा अधिकार सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम ११३५ मध्ये आहे. २००२ साली, जैविक हल्ल्यांच्या धास्तीतून झालेल्या कायद्याने ते आलं. त्याला दोन किल्ल्या लागतात: आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलेली आरोग्य आणीबाणी आणि राष्ट्राध्यक्षांची आपत्तीची वा आणीबाणीची घोषणा. २०२० मध्ये पहिली ३१ जानेवारीला फिरली, दुसरी १३ मार्चला. त्यानंतर काही सवलती सरसकट मिळाल्या, खाटांची त्यांतलीच. बाकीसाठी अर्ज. आम्ही कोण, कोणता नियम पाळता येत नाही, का, आणि किती काळ, हे त्यात सांगावं लागतं. 'अडचणीत आहोत, सगळं माफ करा' हे चालत नाही. शिवाय राज्याच्या परवान्याच्या अटी वेगळ्या. केंद्राच्या सुटीने त्या सुटत नाहीत.

सगळ्यात नाजूक जागा आपत्कालीन कक्षाच्या दाराशी आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तिथे आलेल्या कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, खिशात दमडी नसली तरी. आपत्तीत ही अट सैल करून तपासणीसाठी दुसरीकडे पाठवता येतं. पण साधारण आपत्तीत ही ढील ७२ तासांचीच. साथीत ती लांबू शकते. आणि पैसे भरण्याची ऐपत पाहून भेदभाव केला, तर सूट लागूच होत नाही. म्हणजे नियम काढून घेताना त्याच्या मुळाशी असलेला गरीब माणूस कायद्याने सोडलेला नाही. कागदावर तरी.

आपल्याकडचा मार्ग उलटा. मुंबईच्या प्लेगच्या वेळी झालेला १८९७ चा साथरोग कायदा सरकारला नवे हुकूम काढण्याचं बळ देतो. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने इतर कायद्यांबरोबर त्याचाही आधार घेऊन खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. इथे संकटात नियम वाढतात, तिथे ते मोजून कमी होतात. आपल्या हुकमाचं मला वावडं नाही. बेफाम बिलांपुढे तो हवाच होता. पण कोणता नियम, कुणासाठी आणि कधीपर्यंत सैल केला याचा लेखी माग राहणं, हे मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं.

११ मे २०२३ ला तिकडची आरोग्य आणीबाणी संपली आणि तिच्याबरोबर खाटांची सवलतही. बहिणीने फोनवर सांगितलं, सव्विसावी खाट चाकांवरून ढकलत तिनेच कोठीत नेऊन ठेवली.