दागिने, ताट आणि धावपट्टी : युद्धकाळातील नागरी आघाडी (१९६२–१९७१)

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केल्यानंतर देशात आणीबाणी जाहीर झाली, आणि राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी, म्हणजे सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणाकरिता ऐच्छिक देणग्यांतून उभारलेल्या कोषासाठी, स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. परदेशी शस्त्रे घेण्यास परकीय चलन अपुरे असल्याने शासनाने सुवर्णरोखेही काढले. सोने जमा करणाऱ्यास व्याज देणारे हे कर्जरोखे होते. त्या उत्साहाचे गुणगान पुष्कळ झाले. परंतु जानेवारी १९६३ मध्ये आलेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी नवे दागिने १४ कॅरटपर्यंतच घडवण्याचे बंधन घातले, तेव्हा देशभरातील सोनारांचा पिढीजात धंदा बसला, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. दात्याला निदान पावती आणि सन्मान मिळाला. कारागिराकडून त्याची उपजीविकाच घेतली गेली, आणि हा त्याग त्याने स्वेच्छेने केलेला नव्हता.

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा प्रश्न धान्याचा होता. पीएल-४८० करारान्वये, म्हणजे रुपयांत किंमत चुकवून, मिळणारा अमेरिकन गहू आता थोड्या थोड्या मुदतीच्या मंजुरीने येऊ लागला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. महाराष्ट्रात सोमवारचा उपवास रूढ होताच, पण तो संध्याकाळी सोडण्याची रीत असल्यामुळे शास्त्रीजींनी मागितले ते नेमके उपवास सोडण्याचे ताट होते. सोने एकदा देऊन मोकळे होता येते, भूक मात्र दर आठवड्याला नव्याने सोसावी लागते. म्हणूनच हे आवाहन अधिक कठीण आणि अधिक समतेचे होते, जरी ज्यांच्या घरी रोजच एक वेळची चूल पेटत असे त्यांच्यापाशी सोडण्याजोगे जेवणच नव्हते.

डिसेंबर १९७१ मध्ये नागरिकांकडे थेट श्रमच मागितले गेले. पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यांत भूजच्या हवाई तळाची धावपट्टी निकामी झाली, तेव्हा तळप्रमुख विजय कर्णिक यांच्या हाकेला ओ देऊन जवळच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया कामाला आल्या. शत्रूची विमाने येत असल्याचा भोंगा वाजताच झुडपांत लपायचे, धोका टळताच पुन्हा काम धरायचे, आणि वरून ओळखू येऊ नये म्हणून पट्टी शेणाने सारवायची, अशा रीतीने त्यांनी सुमारे ७२ तासांत ती दुरुस्त केली आणि तेथून विमानांची उड्डाणे पुन्हा सुरू झाली.