पुस्तकातला चौकोन आणि घरातला एकच फोन

आपल्या मुलामुलींचे शाळेचे पुस्तक जरा हाती घेऊन पाहा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. त्याला क्यूआर कोड म्हणतात. पुष्कळ घरांत पुस्तक रद्दीत जाईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

या चौकोनाची गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्यातली आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. गुरुजींनी पुस्तकांना असे चौकोन जोडले. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की इंटरनेटवरून कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना दहा लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे ठरवले.

गुरुजींचे कौतुक झाले ते योग्यच. पण आपल्या घरात काय चालते? फोन एकच. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतावर. संध्याकाळी थोरल्या मुलाच्या हातात. मुलीची पाळी येते ती बॅटरी उतरल्यावर! २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा हे फार जाणवले. कांद्याचा भाव अर्ध्या तासाने पाहिला म्हणून काही तो पडत नाही. तेवढा वेळ मुलीला रोज ठरवून द्यावा.

आधी धडा पुस्तकातून वाचून घ्यावा, अडेल तेवढ्यापुरता व्हिडिओ पाहावा, मग फोन ठेवून काय कळले ते आईला सांगावे. आई शिकलेली नसली तरी चालते. ऐकणारे कोणी असले की मूल नीट सांगते. गुरुजींची जागा मात्र फोन घेत नाही. मुलाचे कोठे चुकते हे त्याला दिसत नाही.

वस्तीवर रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला 'दीक्षा' ॲपवर पाठ उतरवून घ्यावेत. ते घरी रेंजशिवाय चालतात. आणि चौकोनावर शाई सांडली असेल तरी हरकत नाही. त्याच्याजवळ छापलेली अक्षरे व आकडे ॲपमध्ये टाकले, तरी तोच पाठ उघडतो.