डोहाळे: समजुती आणि वस्तुस्थिती

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट आणि सुके बोंबील साठवले जातात, आणि एरवी आवडीचा असलेला त्यांचा वास पहिल्या तीन महिन्यांत नकोसा झाला की गरोदर बाईचे नाक तिखट होते, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात वास ओळखण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांत गरोदर आणि इतर स्त्रियांमध्ये सातत्याने मोठा फरक आढळलेला नाही. बदलते ती वासावरची प्रतिक्रिया, म्हणजे तोच वास अधिक उग्र आणि किळसवाणा वाटतो. मळमळ म्हणजे नाजूकपणाचा देखावा नव्हे, कारण गर्भ व वार यांच्याकडून रक्तात येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक मेंदूतील ओकारीशी निगडित भागावर परिणाम करते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. मात्र पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी व गडद होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते.

आंबट-गोडाच्या ओढीवरून मुलगा की मुलगी सांगणे ही निव्वळ अटकळ आहे. डोहाळे न पुरवल्यास बाळाचे कान फुटतात, या समजुतीलाही आधार नाही. अपूर्ण राहिलेल्या इच्छेमुळे बाळात व्यंग येते हा विचार सुश्रुतसंहितेइतका जुना आहे, पण जुनेपणा हा पुरावा नव्हे.

मातीच्या डोहाळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘रघुवंशा’त दिलीप राजा गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाचा मातकट गंध घेतो, आणि या काव्यमय कौतुकाची छाया अजूनही टिकून असल्याने चुलीची माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाणे हसण्यावारी नेले जाते. वैद्यकात या ओढीला ‘पायका’ म्हणतात. ती अनेकदा लोहाच्या कमतरतेबरोबर दिसते, आणि काही प्रकारची माती आतड्यात लोह धरून ठेवत असल्याने ती कमतरता वाढवूही शकते. शिवाय मातीतून जंतांची अंडी आणि शिसे पोटात जाण्याचा धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, म्हणून अशी ओढ दिसताच हिमोग्लोबिन तपासून घेणे योग्य ठरते.

लोहाच्या गोळीने तोंडाला धातूची चव येते म्हणून ती सोडून दिली जाते, हे अधिक घातक आहे, कारण तशी चव गोळीविनाही गरोदरपणात येऊ शकते आणि बहुधा पुढील महिन्यांत ओसरते. गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. आरोग्य उपकेंद्रात ती मोफत मिळते.